भद्रेतला मुहूर्त

नीलकंठशास्त्री टेंभेकरांनी एकदा दिलेला मुहूर्त हलवून घेणं आजवर कुणालाही जमलेलं नव्हतं. रेल्वेतल्या शरदसाहेबांनी मुलीच्या लग्नाची वेळ, फोटोवाला उशिरा येणार म्हणून, फक्त पाव तास पुढे ढकलायला सांगितली होती. शास्त्रीबुवांनी त्यांचा नारळ त्यांच्याच पिशवीत परत घातला आणि म्हणाले, "मग फोटोवाल्याकडूनच लावून घ्या लग्न." काशीतल्या रामघाटाच्या गल्लीत हा किस्सा अजून सांगतात, आणि सगळ्यात रंगवून सांगते ती त्यांची बायको नंदा. सांगताना ती कपाळावर हात मारून घेते, पण नवऱ्याचं कौतुक काही तिला लपवता येत नाही.

शास्त्रीबुवा दरवर्षी एक लहानसं पंचांग छापतात. काशी-प्रयागातली मराठी घरं, नागपूरकडचे काही यजमान आणि शिंदे घाटावरचे दोन-चार गुरुजी, एवढाच त्याचा खप. पण त्यात चूक सापडली असं कुणी म्हणू शकत नाही. घरातही तोच कारभार. नंदानं माहेरी जायचं म्हटलं की आधी पंचांग उघडायचं, मग रेल्वेचं वेळापत्रक. दोघांचं जमलं नाही तर गाडी बदलायची, पंचांग नाही.

अशा माणसाच्या घरात तेजश्री जन्माला आली आणि मोठी होऊन शिडाच्या बोटी चालवू लागली. यात दोष कुणाचा म्हणाल तर शास्त्रीबुवांचाच. पोहायला तिला त्यांनीच शिकवलं. एवढ्याशा पोरीच्या कमरेला आपला लाल काठाचा पंचा बांधायचा, त्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरायचं आणि छातीभर पाण्यात उभं राहून ओरडायचं, "सोड पाय! सोड, मी धरलंय!" घाटावरचे नावाडी मल्लाह हसायचे. पुढे पंचा सुटला, पोरगी दर उन्हाळ्यात नदी पार करू लागली, आणि हे घरी येऊन नंदाला ऐटीत सांगायचे, "पाण्याला लाजवते लेक!" तेव्हा त्यांना काय ठाऊक, लेक तेवढ्यावर थांबायची नाही म्हणून.

शिकून तेजश्री बँकेत लागली. पगार चांगला, शाखा घरापासून हाकेच्या अंतरावर. मग सुट्टीत गोव्याला गेली, तिथं शीड काय असतं ते बघून आली, आणि वर्षभरात बँकेला रामराम ठोकून तिकडेच निघाली. त्या दिवशी घरात जे झालं ते नंदाला आठवायला आवडत नाही, पण आठवतं.

"नदीला दोन काठ असतात," शास्त्रीबुवा म्हणाले होते. "ज्या पाण्याला काठच दिसत नाही, तिथं माणसाचं काय काम?"

"काठ असतोच बाबा, दिसत नाही एवढंच," तेजश्रीनं बॅग उचलली होती.

आपल्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढत नाहीत. बाकी काही पाळा, न पाळा, एवढं प्रत्येक घरात पाळतात. आणि तेजश्री गल्लीच्या वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत शास्त्रीबुवांनी, उभ्या जन्मात ज्यांनी केरसुणीला हात लावला नव्हता त्यांनी, कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि खोलीचा केर काढला. नंदा दारातच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. त्यानंतर दोन वर्षं बापलेकींत एक शब्द नव्हता. जे बोलायचं ते नंदा इकडून तिकडे पोचवायची, तेही निम्मं गाळून.

मग यंदाच्या दिवाळीत तेजश्रीचा फोन आला. ती आणि तिचे गोव्यातले सोबती सई आणि सुशांत अशी तिघं मिळून 'टिटवी' नावाची एक शिडाची बोट पोर्ट ब्लेअरहून चेन्नईला आणणार होती. मधे सहा दिवस नुसता समुद्र. बोटीची कप्तान तेजश्री. "अगं, आणि वादळ आलं तर?" एवढंच नंदाला सुचलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून, पोथीवरची नजर न काढता, शास्त्रीबुवा म्हणाले, "मुहूर्त विचारून निघ म्हणावं."

दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. नंदानं ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं. मग तेजश्री म्हणाली, "सांग त्यांना, ते देतील त्याच मुहूर्ताला निघेन. पक्का."

तेव्हापासून रोजचा फोन सुरू झाला. म्हणजे तेजश्री आईशी बोलायची आणि शास्त्रीबुवा शेजारी बसून ऐकत नसल्याचं सोंग करायचे. नंदा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, तिला नकाशा कळत होता, पण समुद्राचं हे गणित नवं होतं. तेजश्री समजावून सांगायची. दिवाळीनंतर समुद्र भरवशाचा नसतो, वादळं उठतात. पौषात वारा ईशान्येचा, एकसारखा, तो मागून आणि बाजूनं मिळाला की बोट छान पळते. पण तो फार तापला की लाट उभी राहते. रात्री चांदणं हवं, म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला पाणी दिसतं. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की प्रवास सहा दिवसांचा, आणि हवेचं भाकीत पाच दिवसांपुरतं बरं, पुढचं रामभरोसे. "म्हणून आई, आम्ही रोज बघतो आणि थांबतो. चांगले दिवस सलग दिसले की लगेच दोर सोडायचे."

"आणि तुझ्या बाबांचा मुहूर्त?"

"तो आला की त्यातच बसवेन काहीतरी," तेजश्री म्हणाली, पण तिच्या आवाजात काळजी होती.

मुहूर्त मात्र येईना. मार्गशीर्ष सरला, खरमास, म्हणजे आपला धनुर्मास, लागला, गल्लीत सकाळ-दुपार धुक्याचा दाट कोहरा साचून राहू लागला. खरमासात काशीत कुणी शुभकार्य काढत नाही. नंदाला वाटलं, आता हे खिचडीनंतरचा, म्हणजे संक्रांतीनंतरचाच मुहूर्त देणार, आणि तोवर चांदणं संपून जाणार. ती विचारायची, हे म्हणायचे, "बघतोय. गुरूचं बल बघतोय." एवढा वेळ त्यांनी राजाच्या राज्याभिषेकालाही लावला नसता. आणि एका संध्याकाळी, ताटावर बसता बसता, अचानक म्हणाले, "येती एकादशी. सकाळी सात. कळव तिला."

नंदानं कळवलं. तेजश्री तिकडून किंचाळलीच. "आई! मीसुद्धा तोच दिवस धरून बसले होते! एकदम साफ दिसतंय, नकाशावर पाच दिवस हिरवंगार, वारा बेताचा! बाबांना कसं कळलं?"

बाबांना कसं कळलं, हा प्रश्न नंदालाही पडला. जेवणं उरकल्यावर तिनं सहज खुंटीवरचं पंचांग काढलं. एकादशी काढली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत भद्रा होती. भद्रा म्हणजे पंचांगातला असा काळ, की शुभकार्य सोडाच, परगावी निघालेलं माणूसही उंबऱ्याशी थांबतं. वर खरमास. नीलकंठशास्त्री टेंभेकरांनी खरमासात, भद्रेत, पोटच्या पोरीला समुद्रावर निघायचा मुहूर्त दिला होता!

नंदा घाबरली. वय झालं की काय ह्यांचं? नजर चुकली? पण दुपारी हेच शिंदे घाटावरच्या ढुंढिराजगुरुजींना एका पळाच्या चुकीवरून झाडत होते. तिनं विचारायचं ठरवलं आणि मग नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की हे सूर्याला अर्घ्य द्यायला गच्चीवर जातात ते अर्धा-अर्धा तास खाली येत नाहीत. आणि सूर्य तर आठवडाभर कोहऱ्यात बेपत्ता होता.

ती चहाचा पेला घेऊन हळूच वर गेली. शास्त्रीबुवा टाकीच्या आडोशाला, डोक्यावरून शाल घेऊन बसले होते. अर्घ्याचं तांब्याभांडं बाजूला कोरडं पडलेलं. शालीत मोबाइल होता. मोबाइलवर बंगालचा उपसागर होता, त्यावर बारीक बारीक बाण सरकत होते, आणि शास्त्रीबुवांचं बोट अंदमानापासून चेन्नईकडे सावकाश फिरत होतं. "हिरवं... हिरवं... पिवळट, पण चालेल... हिरवं..." मंत्र म्हणावा तसं ते पुटपुटत होते.

नंदा पाय न वाजवता खाली आली. चहा तिनंच पिऊन टाकला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदमच. तिनं मनाशी ठरवलं, मेले तरी ह्यांना कळू द्यायचं नाही मी बघितलं म्हणून.

एकादशी दोन दिवसांवर आली आणि हवा फिरली. तेजश्रीचा फोन आला तोच दबक्या आवाजात. "आई, बाबा जवळ आहेत?"

"संध्येला बसलेत. बोल."

"मौसमनं धोका दिला. दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. एकादशीला निघाले तर तिसऱ्या दिवशी आम्ही नेमके त्याच्या तोंडी. निघायला नाही पाहिजे. पण बाबांना कसं सांगू? दोन वर्षांनी एक गोष्ट मागितली त्यांनी. मी पक्का म्हटलं होतं."

"मी सांगते ना."

"नको, नको! त्यांना वाटेल, हिला मुहूर्त पाळायचाच नव्हता. परत बोलणं टाकतील." एवढी समुद्रावर बोट नेणारी बाई, बापाच्या अबोल्याला मात्र अजून भीत होती.

नंदानं फोन ठेवला. आत शास्त्रीबुवा संध्येला बसले होते खरे, पण पळी पात्रात तशीच होती. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी सकाळीच गच्चीवर तो पट्टा बघितला होता, हे नंदाला न सांगताच कळलं. त्यांचीही तीच कथा. मुहूर्त बदल म्हणावं, तर तो का दिला होता ते कबूल करावं लागणार. शरदसाहेबांचा नारळ परत करणारा माणूस! आणि पोरगी वचनाला जागून निघाली तर? त्या संध्याकाळी ते जेवलेच नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दोघांची गुपितं नंदाच्या एकटीच्या पदरात आणि दोघंही गप्प. तिला वाटलं, दोघांचे कान धरून समोरासमोर बसवावं. पण तिनं छत्तीस वर्षं संसार केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलायला घेतलेल्या मटारमधून मान वर न करता ती म्हणाली, "अहो, प्रस्थान ठेवलं तर?"

शास्त्रीबुवांनी मान झटकन वर केली.

प्रस्थान ही जुन्या लोकांनी करून ठेवलेली मोठी सोय आहे. मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर निघणाऱ्याचं एखादं वस्त्र, त्यात सुपारी, हळकुंड, अक्षता अशी पुरचुंडी बांधायची आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी ती मुहूर्तावर नेऊन ठेवायची. माणूस निघाला असं धरतात. मग तो हवा-पाणी बघून सवडीनं निघाला तरी चालतं, जाताना पुरचुंडी उचलायची एवढंच. फक्त पाच रात्रींपेक्षा जास्त ती तिथं पडून राहता कामा नये.

"शास्त्राला धरून आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका जीव आला, की नंदाला मटारात तोंड लपवावं लागलं. "बिलकुल धरून आहे. सांग तिला. तिला सोयीचं पडेल. म्हणजे, काही अडचण असेलच तर, म्हणतो मी."

तेजश्री तर फोनवर हसत सुटली. धक्क्याच्या पश्चिमेला एक चहावाला होता, त्याच्या फळीवर पुरचुंडी ठेवायचं ठरलं. एकादशीला सकाळी सातला तिनं व्हिडिओ लावला. शास्त्रीबुवा इकडून संकल्प सांगत होते, ती तिकडे सुपारी ठेवत होती, आणि चहावाला हात जोडून उभा होता. दोन वर्षांनी बापलेक एकमेकांची तोंडं बघत होते, पण बोलत होते ते संस्कृत. मग तिनं पुरचुंडीचं वस्त्र कॅमेऱ्यासमोर धरलं. विरलेला पंचा, लाल काठाचा.

"हा तुझ्याकडे?" शास्त्रीबुवांचा संकल्प तिथंच अडला.

"जाताना घेऊन गेले होते," तेजश्री म्हणाली.

नंदा दोन वर्षं तो पंचा शोधत होती. दोरीवरून उडून गेला म्हणून तिनं शेजाऱ्यांनाही विचारलं होतं. भांडून निघालेल्या पोरीनं बॅगेत काय भरलं होतं ते आज कळलं. शास्त्रीबुवांनी खाकरून घसा साफ केला आणि संकल्प पहिल्यापासून सांगितला.

पण पट्टा हलेना. द्वादशी गेली, त्रयोदशी गेली. शास्त्रीबुवा अर्घ्य द्यायला दिवसातून चारदा गच्चीवर जाऊ लागले. संध्याकाळीही! ढुंढिराजगुरुजींनी विचारलं, हे कुठलं व्रत, तर म्हणाले, "काम्य आहे." पौर्णिमा उजाडली. पाचवी रात्र तीच. संध्याकाळी फोन आला.

"आई, बाबांना सांग, उद्या सकाळी सातला पुरचुंडी उचलून निघते."

"हवा सुधारली?"

"थोडा जोर आहे वाऱ्यात. पण लाल नाही, नारिंगी आहे. टिटवी झेलेल. एवढं काही नाही."

मागून सईचा आवाज आला, "तेजू, कशाला घाई? दोन दिवस थांबू ना." तेजश्रीनं तिला गप्प केलं.

हे 'एवढं काही नाही' नंदाच्या ओळखीचं होतं. दहा वर्षांची असताना भादव्यातल्या फुगलेल्या गंगेकडे बघून पोरगी असंच म्हणाली होती, "पोहून जाते पलीकडे, एवढं काही नाही," आणि बापानं तिला पंच्यासकट मागे ओढलं होतं. तिनं शास्त्रीबुवांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. बोटं मांडीवर आवळलेली.

मग मात्र नंदाचा संयम सुटला. "अहो, गच्चीवर शालीत तोंड घालून रोज काय बघता ते सांगा तिला! नारिंगी म्हणजे काय ते तुम्हाला चांगलं कळतं. मी सगळं बघितलंय. घ्या फोन, बोला!"

शास्त्रीबुवांनी तिच्याकडे असं बघितलं, की एरवी तिला हसू आलं असतं. त्यांनी फोन घेतला.

"तेजू."

दोन वर्षांनी ही हाक. "हां, बाबा."

"उद्या निघू नकोस."

"पण बाबा, पाच रात्री... प्रस्थान मोडेल."

"मोडू दे. तू वाऱ्याचं बघतेस, लाटेचं बघितलंस का? वारा उतरला तरी लाट दोन दिवस उतरायची नाही. आणि तुला ती आडवी लागेल, सगळी वाट."

"बाबा," तेजश्री सावकाश म्हणाली, "तुम्हाला लाट कशी कळते?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "एकादशीचा मुहूर्त पंचांगातला नव्हता. वारा बघून दिला होता मी. खोटा मुहूर्त दिला तुला. आयुष्यात पहिल्यांदा."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या पंचांगाची प्रुफं दहावीपासून कोण वाचत होतं? तुम्ही तारीख सांगितलीत आणि मी लगेच बघितलं. भद्रा! वर खरमास! भद्रेत तुम्ही मला गल्लीच्या तोंडाशी दूध आणायला पाठवलं नसतंत, बाबा. तेव्हाच कळलं, हे रात्रंदिवस वारा बघत बसलेत म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? माझ्यासाठी तुम्ही भद्रेत मुहूर्त दिलात. तुम्ही! एवढं केलंत, आणि मी तो मोडू?" ती आता सरळ रडत होती.

"अगं वेडे," शास्त्रीबुवा म्हणाले, "मुहूर्त दुसरा काढता येतो. दुसरी तेजू कुठून आणू मी?"

नंदा स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच पातेलं घासत उभी राहिली. तिनं या एका वाक्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली होती. घासून घासून पातेलं लखलखीत झालं, तरी तिला बाहेर यावंसं वाटेना.

ती बाहेर आली तेव्हा बापलेकींचं वेगळंच सुरू झालं होतं. पंचांग बाजूला पडलं होतं आणि शास्त्रीबुवा मोबाइल दोन बोटांनी मोठा करून विचारत होते, "बुधवारपर्यंत तो पट्टा विरेल म्हणतेस, पण हे खालचं जांभळं काय आहे?" ती सांगत होती, हे हुंकार देत होते, मधेच हे काही विचारायचे आणि ती म्हणायची, "अरे वा, बाबा, हे आम्ही बघितलंच नव्हतं!" त्या 'अरे वा'ला शास्त्रीबुवांची छाती केवढी फुगायची! असे पुढचे पाच दिवस गेले. लाट उतरली, सगळं हिरवं झालं. सोमवारी सकाळी सव्वाआठला ओहोटी बोटीला बाहेर काढायला मदत करेल, असं दोघांनी मिळून ठरवलं.

"पण बाबा, सोमवारी सव्वाआठला राहुकाळ असतो," तेजश्री म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पंचांग माझं आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "राहूला म्हणावं, बस बोटीत सुशांतच्या शेजारी. ये फिरून."

सोमवारी सकाळी नागपूरचे कुणी यजमान मुंजीची वेळ काढायला येऊन बसले होते. त्यांना थांबवून शास्त्रीबुवा फोन घेऊन दारात उभे राहिले. तिकडे वाऱ्याचा आवाज, दोरांची फडफड. तेजश्रीनं पंचा डोक्याला बांधला होता. "बाबा, शेवटचा दोर राहिलाय. सोडू?"

शास्त्रीबुवांनी मोकळा हात पुढे केला आणि मूठ आवळली. त्यांना स्वतःला ते कळलंही नसेल.

"सोड," ते म्हणाले. "सोड, मी धरलंय."

फोन बंद झाला. नंदानं डोळे पुसले आणि सवयीनं केरसुणीकडे वळली, तर शास्त्रीबुवांनी ती तिच्या हातातून काढून कपाटामागे ठेवून दिली.

"अहो, तासाभरानं काढते."

"पोचू दे तिला," ते म्हणाले आणि यजमानांसमोर जाऊन बसले.

तासाभराचं ते व्रत सहा दिवस चाललं. बोटीवरचं यंत्र दर काही तासांनी नकाशावर एक ठिपका पाठवायचं. शास्त्रीबुवा तो ठिपका येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. घरात धूळ साचली, मटारची सालं कोपऱ्यात वाळली, अक्षता पायाला टोचू लागल्या. ढुंढिराजगुरुजी एक दिवस धोतर वर धरून आत आले आणि म्हणाले, "काय शास्त्रीबुवा, केर?" शास्त्रीबुवा म्हणाले, "मुलगी प्रवासात आहे." त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, जणू ती प्रयागला मामाकडे गेली होती. चौथ्या दिवशी सकाळी ठिपका आलाच नाही, तेव्हा मात्र ते नाश्ता न करता फोनसमोर बसून राहिले. नंदाही बसली. दुपारी ठिपका आला, बराच पुढे सरकलेला. मग दोघांनी थंडगार पोहे खाल्ले.

रविवारी उन्हं वर आल्यावर फोन वाजला. मागे बंदराचा गोंगाट होता. "पोचले, बाबा," तेजश्री म्हणाली. "काठ दिसला."

शास्त्रीबुवांनी फोन नंदाच्या हातात दिला, कपाटामागे हात घालून केरसुणी काढली, धोतर खोचलं आणि खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यापासून केर काढायला लागले. दुसऱ्यांदाच घेतली होती हातात, त्यामुळे निम्मी धूळ मागेच राहत होती. नंदानं कान फोनला लावून सगळं बघितलं.

"आई, बाबा कुठं गेले? काय करतायत?"

"केर काढतायत गं," नंदा म्हणाली. तिकडून हुंदका ऐकू आला, तशी ती घाईनं म्हणाली, "अगं, पोचलीस ना, म्हणून काढतायत." आणि तिनं पाय वर घेतले, म्हणजे त्यांना खाटेखालचंही काढता यावं.